पासष्ट हजारांचं सर्टिफिकेट घ्यायच्या आधी परमिटचं बघा

ताई, तुमचा मेसेज नीट दोनदा वाचला. मिस्टर ३१ वर्षांचे, दहावी पास, सहा वर्षं बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे वायरिंगला, पगार १५,००० आणि त्यातून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, कापतात, तुमचे डब्यांचे ८,००० येतात, घरखर्च भाडं आणि मुलीची फी धरून १९,००० आणि १,२०,००० ची एक एफडी. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कागद आणा, २२,००० देतो. आता प्रायव्हेट इन्स्टिट्यूटचा सहा महिन्यांचा संध्याकाळचा कोर्स ६५,००० देऊन करायचा की नोकरी सोडून आयटीआय, हा तुमचा प्रश्न.

माझं मत विचाराल तर आत्ता दोन्ही नको.

आधी आयटीआयचं बोलू, कारण तो कागद खराच वजनदार आहे. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा, एनसीव्हीटीचं, म्हणजे केंद्राच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं, सर्टिफिकेट देशभर चालतं, बडोद्यातच गोरवा आणि तरसालीला सरकारी आयटीआय आहेत आणि तिथली फी प्रायव्हेटच्या मानाने अगदीच कमी. पण ताई, खरा खर्च फीचा नाहीये, बुडालेल्या पगाराचा आहे. १५,००० गुणिले २४ महिने म्हणजे ३,६०,०००. नंतर महिन्याला ७,००० जास्त मिळाले तरी ते भरून निघायला चार वर्षांच्या वर जातात, म्हणजे आजपासून सहा वर्षांच्या वर. आणि घर कसं चालणार? तुमचे ८,००० सोडले तर दर महिन्याला ११,००० कमी पडणार, एफडी अकराव्या महिन्यात संपली आणि कोर्स तर अजून अर्धाही झालेला नसेल. अठरा वर्षांचा मुलगा असता तर मी डोळे मिटून आयटीआयच सांगितलं असतं, कारण त्याचा पगार बुडत नाही आणि पुढे अप्रेंटिसशिप करून वीज कंपनीच्या भरतीलाही बसता येतं. तुमच्या घराला ते आत्ता झेपणार नाही.

आता ते ६५,००० वालं. "शंभर टक्के नोकरी" असं ते सांगतात पण तुमच्या मिस्टरांना नोकरी आहेच की, त्यांना पाहिजे तो कायद्याने चालणारा कागद. नियम असा आहे की वायरिंगचं नवीन काम, फेरफार किंवा दुरुस्ती ही लायसन असलेल्या कॉन्ट्रॅक्टरनेच करायची, सुपरवायझर सर्टिफिकेटवाल्याच्या देखरेखीखाली आणि परमिटवाल्या माणसाच्या हातून. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं तेवढं यातून सुटलंय. म्हणजे कॉन्ट्रॅक्टर जो कागद मागतोय तो बहुतेक वायरमन परमिट आहे, आणि ते राज्याचं लायसनिंग बोर्ड देतं, इन्स्टिट्यूट देत नाही. भिंतीवर लावायच्या सर्टिफिकेटवर २२,००० मिळणार नाहीत. इन्स्टिट्यूटला एकच प्रश्न विचारा, तुमच्या सर्टिफिकेटवर बोर्ड परमिट देतं का, हे लेखी द्या. लेखी नाही दिलं तर विषय संपला. टोकनचे ५,००० दिलेत ते परत मागा, नाहीच मिळाले तर सोडून द्या पण ते वाया जातील म्हणून उरलेले ६०,००० भरू नका.

मग करायचं काय, तर नोकरी चालू ठेवून वायरमन परमिटच्या परीक्षेची तयारी. अर्धा दिवस सुट्टी टाकून मिस्टरांनी बडोद्याच्या इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जायचं, फॉर्म, फी आणि अनुभवाचा दाखला कसा हवा ते समजून घ्यायचं, आणि कॉन्ट्रॅक्टरकडून सहा वर्षांचं अनुभवाचं पत्र घ्यायचं, लेटरहेडवर, तारखांसकट, त्याचा लायसन नंबर टाकून. हे मागताना अजिबात लाजू नका. त्याच्या लायसनवर काम करायला परमिटवाली माणसं त्यालाच लागतात, म्हणून परीक्षेची फी आणि दोन-चार सुट्ट्यासुद्धा त्याच्याकडेच मागा. हाताला काम येतंय, थिअरी कच्ची असेल, तर एखाद्या आयटीआय झालेल्या मित्राची पुस्तकं आणून रोज तासभर बसायचं. सगळं मिळून काही हजारांत होईल, एफडीला हात लावायची वेळच येणार नाही. समजा पगार १५ चा १८ च झाला तरी वर्षाला ३६,००० वाढले आणि तेही एक रुपया पगार न बुडवता.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे. पगार २२,००० झाला की चालू सहामाही संपल्यावर ईएसआयची कपात बंद, आणि त्यानंतर काही महिन्यांत गोत्रीच्या ईएसआय हॉस्पिटलचे उपचार तुमच्या तिघांचेही गेले, आणि माणूस काम करतोय करंटचं. एका हजारासाठी हे घालवू नका. कॉन्ट्रॅक्टरला म्हणा पगार २१,००० धरा आणि वरचं ओव्हरटाइममध्ये द्या, मर्यादा बघताना ओव्हरटाइम मोजत नाहीत. तो नाहीच म्हणाला तर आधी घरासाठी मेडिक्लेमचा हप्ता काढा, मग २२,००० ला हो म्हणा. आणि बँकेत जाऊन ह्याच आठवड्यात प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू करा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, त्यासोबत ४३६ रुपयांचा जीवन ज्योती आयुर्विमाही घ्या.

परमिट हातात आल्यावर सोलरकडे बघा, आपल्या गुजरातेत घरांच्या छपरांवर पॅनल लावायचं काम जोरात आहे. पण ते पुढचं.

तुम्ही लिहिलेले १५,००० हातात येणारे आहेत की कापायच्या आधीचे, आणि पीएफपण कापतात का, एवढं पगाराची स्लिप बघून कळवा, म्हणजे वाढलेल्या पैशातलं मुलीच्या नावाने किती टाकायचं ते धरून सांगतो.