पेटी कपाटावर, आणि तू अल्टोत

सलाम. या वेळचं पत्र टांझानियातल्या मोशीहून आलंय. मूळचे नगरचे, नवरा मिशन हॉस्पिटलात, दोघं तीन वर्षांसाठी मिशनरी म्हणून गेलेत. पत्र चार पानी, त्यात मुलाचा डबा, सासूबाईंचे फोन, प्रॅक्टिसला न येणारा नवरा असं सगळं आहे, पण बाई गं, तुझं खरं दुखणं दुसऱ्या पानावर आहे. तू लिहितेस, "पंधरा वर्षं मंडळीत गाणं मीच बसवायचे, पेटी माझ्याच हातात. इथे क्वायरमध्ये मला मागच्या रांगेत अल्टोत उभं केलं, शिकवणारी मुलगी जेमतेम बावीसची! आपली भजनं शिकवू का विचारलं तर हसून म्हणाली, पोले पोले मामा."

बरोबर म्हणाली. राग आला तरी चालेल. स्वाहिलीत पोले पोले म्हणजे सावकाश आणि मामा म्हणजे आई, हे तुला एव्हाना कळलं असेलच. त्यांच्यात दुसरी एक म्हण आहे, 'म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे', पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. तुला अल्टोत, बायकांच्या खालच्या सुरात, उभं केलं म्हणजे कुदळ दिली, आणि तू आहेरात काहीतरी कमी पडल्यासारखी फुगून बसलीस!

आणि तू नगरची असून हे विसरतेस? अमेरिकन मिशनरी 1831 ला नगरला आले, आपल्या आज्या-पणज्यांनी तोंड वेंगाडत त्यांच्या चालीवर मराठी गीतं म्हटली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, म्हणजे साठेक वर्षं गेली मध्ये, तेव्हा कुठे ते ओवी-अभंगाच्या वळणाची गीतं घेऊन आले आणि मंडळी मोकळ्या गळ्याने गायला लागली. तुझ्या मोशीजवळच्या किलिमांजारोच्या लोकांनीही 1893 पासून जर्मनीतल्या लायपझिगच्या मिशनऱ्यांची जर्मन कोरलं, म्हणजे चर्चची स्तोत्रं, गायलीत, आता कुठे स्वतःची गाणी रचून गातायत, तर आपण पेटी घेऊन दारात! टिळकांची भजनं कितीही गोड असोत, त्यांनी मागितली तर दे.

आता अल्टोचं. तुझी गोची मला माहितीये कारण मीही तीच केली. समेवर आलं की सगळ्यांनी मिळून सावर यायचं ही आपली सवय, तिथे शेवटी सोप्रानो, म्हणजे बायकांचा वरचा सूर, सावर जाते तेव्हा अल्टोने बरेचदा खाली पवरच थांबायचं असतं. आम्ही 1987 ते 94 टांझानियातच डोडोमाला होतो, पहिल्याच ईस्टरला मी भर उपासनेत सोप्रानोच्या मागे वर चढले, माझ्या मागून आणखी दोघी चढल्या, अल्टो संपला! नंतर मास्तर एवढंच म्हणाले, मामा, सिकिलिझा. ऐका. त्या दिवसापासून मी शेजारणीच्या दंडाला दंड लावून उभी राहायचे आणि तिच्या गळ्यातून जे येईल तेच गायचे.

तुझ्याकडे भांडवल आहे पण. ते फळ्यावर डी आर एम लिहितात ना, ते सोल्फा, म्हणजे आपलं सा रे ग म. त्यातला डो आपल्या सासारखाच हलतो, आज काळी एक तर उद्या पांढरी चार. तुझी ओळ सरगममध्ये वहीत उतरव, फोनवर रेकॉर्ड कर, पोळ्या लाटताना म्हण. आणि शब्दाचा शेवट खाऊ नकोस, आपण 'राम'चा शेवटचा अ गिळतो तसं स्वाहिलीत चालत नाही, असिफीवे (त्याची स्तुती असो) म्हणजे असिफीवे, जोर फीवर.

दर लग्नाला, दर मयताला क्वायर मचांगो, म्हणजे वर्गणी, मागते म्हणून कुरकुर केलीस, "आम्ही काय बँक आहोत का?" अगं, आमचे सासरे नगरला वारले तेव्हा तिकिटाचे पैसे नव्हते, आम्ही जाऊ शकलो नाही. संध्याकाळी क्वायरचे वीसेक लोक व्हरांड्यात येऊन बसले, दोघी थेट चुलीपाशी गेल्या, रात्री दहापर्यंत गात होते, आणि जाताना पाकीट ठेवून गेले. आमचे हे आयुष्यभर बेसूर, पण त्या रात्री बेसमध्ये, पुरुषांच्या खालच्या सुरात, जाऊन बसले. तू मचांगो देत जा, आणि वहीत लिहून ठेवू नकोस.

बाकीचं काय, नवऱ्याला प्रॅक्टिसला ओढू नकोस, ड्युटी करून आलेला माणूस आहे. मुलगा डब्यात पोळी नको, उगाली आणि महारागे, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि राजमा, दे म्हणतो तर दे की, तेवढं लाटणं वाचलं. सासूबाईंना रविवारी फोन लाव, त्या विचारतील पेटी वाजवतेस का, तर हो म्हण, घरी वाजवतेसच ना. फक्त त्या हवेत भात्याला झुरळं फार लागतात, पेटीत डांबरगोळ्या ठेव.