शेतीरक्षणाची परवान्याची बंदूक घरात आहे. प्रशिक्षणाने अपघात खरंच टळतात का?

टळतात, पण एकदा मिळवलेल्या प्रमाणपत्राने नव्हे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नवीन परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. पण आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कितीतरी बंदुका आजोबांच्या काळापासून घरात आहेत, त्या हाताळायला कुणी कुठे शिकलं? बापाचं बघून पोरगा शिकला, चुकांसकट.

सगळ्यात धोक्याची ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छरे ठासून भरायची. काडतुसाची बंदूक मधून उघडून दोन सेकंदांत रिकामी करता येते, ठासणीची एकदा भरली की बार काढल्याशिवाय, म्हणजे उडवल्याशिवाय, सहजी रिकामी होत नाही. म्हणून रानडुकरासाठी भरलेली बंदूक सकाळी तशीच दाराआड उभी राहते. केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) काढली तरी दारू आतच असते. आमच्या काकांकडे हेच चालायचं. एकदा शेजारचं पोर नळीत डोळा घालून बघताना दिसलं आणि काकांचे हातपाय गळाले. त्या दिवसापासून राखणीच्या माळ्यावरून उतरण्याआधीच बार मोकळ्या चढावर काढतात. बंदूक कपाटात, दारू आणि केपा वेगळ्या पेटीत, किल्ली काकूकडे.

दुसरं, रात्री कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) हललेल्या झुडपावर बार टाकू नका. तिथे शेजारीही राखणीला बसलेला असू शकतो. पूर्ण जनावर दिसलं नाही तर बोट घोड्यावर जाताच कामा नये. (आणि रानडुक्कर मारायलाही कायद्याने परवानगी लागते.) माझ्या मते नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येकाची प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी, जुन्या परवानाधारकांचीसुद्धा.