शासन 'पुरस्कृत' विश्वविजेत्या?

प्रश्न असा आला आहे: 'राज्य शासनाने विश्वविजेत्या महिला क्रिकेटपटूंना पुरस्कृत केले' हे बरोबर, की 'सन्मानित केले' म्हणावं?

सन्मानित म्हणा, गौरवलं म्हणा, सत्कार केला म्हणा. 'पुरस्कृत' मात्र नको. सत्काराच्या मंचावर निवेदकाच्या हाती माइक आला की हा शब्द हटकून कानावर आदळतो. मराठीत पुरस्कृत म्हणजे कुणाचं तरी पाठबळ असलेला. निवडणुकीत 'पक्षपुरस्कृत अपक्ष' असतो, मंत्रालयात 'केंद्र पुरस्कृत योजना' असते. त्या अपक्षाला काही कुणी शाल-श्रीफळ दिलेलं नसतं! २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवणाऱ्या मुली शासनपुरस्कृत होत्या, असं म्हणायचंय का?

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. पुरस् म्हणजे पुढे, कृ म्हणजे करणे. पुरस्कार म्हणजे पुढे करणं. संधीत पुरस्-चा 'पुरः' होतो आणि एरवी क-खच्या आधी विसर्ग तसाच राहतो: अंतःकरण, प्रातःकाल. मग 'पुरःकार' का नाही? पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्रच केलं, 'नमस्पुरसोर्गत्योः' (८.३.४०). नमस्कार आणि पुरस्कार एकाच सूत्रात जन्मलेली भावंडं! तिरस् म्हणजे आडवं, दृष्टीआड. त्याला एक सूत्र सोडून विकल्प दिलाय, 'तिरःकार' किंवा 'तिरस्कार'; त्यातूनच आपला तिरस्कार. एकाला पुढे करायचं, दुसऱ्याला बाजूला सारायचं. पुरोहितही याच घरातला: पुरः + हित, पुढे ठेवलेला. हे 'हित' धा धातूचं रूप आहे. 'पुराचं, म्हणजे गावाचं हित पाहणारा तो पुरोहित' असं ठोकून देणाऱ्यांनी एकदा संस्कृत कोश उघडावा.

कोश उघडणारे लगेच सांगतील की संस्कृतात पुरस्कृतचा 'सन्मानित' हाही अर्थ आहे. आहेच, हिंदीतही आहे. मराठीने मात्र क्रियापदावरून वाटणी केली आहे. विधवाविवाहाचा पुरस्कार 'करतात', तिथे अर्थ पाठिंबा. अर्जुन पुरस्कार 'देतात', तिथे अर्थ बहुमान. 'पुरस्कृत'मधला 'कृत' करण्यातून आलेला, म्हणून तो पाठिंब्याच्या वाटणीला गेला. बहुमानासाठी 'पुरस्कारप्राप्त' आहे, त्याहून गोड 'मानकरी' आहे. 'पुरस्कारविजेता'ही टाळाच. सामना जिंकतात, पुरस्कार मिळतो.

हाच घोळ 'सम्मान'चा. ते हिंदी, सम् + मान. मराठी सन्मान म्हणजे सत् + मान. शहरभरचे अभिनंदनाचे फलक लिहिणाऱ्यांना हे कोण सांगणार?

रोख रकमेला सरळ 'बक्षीस' म्हणावं. फारसी असलं म्हणून काय झालं? स्मृती मानधना, जेमिमा रॉड्रिग्स आणि राधा यादव यांना राज्याने प्रत्येकी सव्वादोन कोटी दिले, ते बक्षीस. जुलै २०२४ मध्ये विधानभवनात पुरुष संघासाठी जाहीर झालेले ११ कोटी, तेही बक्षीसच. भारदस्तच हवं असेल तर 'पारितोषिक' लिहा, पण पा-ला काना द्या. 'परितोषिक' असा शब्द नाही.

आणि 'संघाला अर्जुन पुरस्कार द्या' ही मागणी मुळातच चुकीची, तो व्यक्तीला मिळतो. पद्म पुरस्कारांचंही तेच. शिवाय 'पद्मश्री' नावाआधी लावायची नसते: ती पदवी नव्हे, नावाच्या मागेपुढे जोडू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच बजावलं आहे. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांपर्यंत तो निकाल अजून पोहोचलेला दिसत नाही.