‘करमत नाही’ आणि तत्त्वज्ञान: वाचकांचे प्रश्न

संध्याकाळी उगाच जीव घाबरा होतो. ‘अस्तित्ववादी चिंता’ म्हणतात ती हीच का?

असेलही, पण शब्दापासून सावध राहू. चिंतेला विषय असतो: कर्ज, आजारपण, निकाल. भीतीलाही असतो. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरने 1927 च्या ‘झाइन उंड त्साइट’ (‘असणं आणि काळ’) या ग्रंथात ‘आंग्स्ट’, म्हणजे ही बिनविषयाची घालमेल, भीतीहून वेगळी काढली, कारण तिच्यासमोर काहीच नसतं. ती ओसरल्यावर माणूस म्हणतो, ‘काही नव्हतं.’ हायडेगरला हे उत्तर अक्षरशः खरं वाटतं. घर, नोकरी, नाती जागच्या जागी असतात, पण त्यांचा आधार सुटतो आणि आपलं जगणं आपल्यालाच ठरवायचं आहे, हे उघडं पडतं. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगॉरने 1844 मध्येच तिला स्वातंत्र्याची भोवळ म्हटलं होतं. मात्र खरी आंग्स्ट क्वचितच येते, असं हायडेगरच सांगतो. तुम्हाला रोज त्रास होत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. त्याला तत्त्वज्ञानाचं नाव देऊन अंगावर काढू नका.

मूड म्हणजे मेंदूतली रसायनं. त्यात तत्त्वज्ञान काय सांगणार?

रसायनं आहेतच. फिनॉमिनॉलॉजीचा, म्हणजे अनुभव जसा येतो तसाच न्याहाळणाऱ्या तत्त्वज्ञानाचा, प्रश्न निराळा आहे: त्या मूडमध्ये जग कसं समोर येतं? उदास दिवशी तोच जिना उंच वाटतो, तोच फोन उचलवत नाही. मूडसाठीचा जर्मन शब्द ‘श्टिमुंग’ वाद्य जुळवण्याशी नातं सांगतो. आपणही ‘आज सूर लागत नाही’ म्हणतोच. तंबोरा जुळलेला नसेल तर एखादाच स्वर नव्हे, सगळं गाणंच बिघडतं. आणखी एक गंमत मला फार मोलाची वाटते. ‘मी उदासतो’ असं मराठीत कोणी म्हणत नाही, ‘मला उदास वाटतं’ म्हणतो. मूड आपण करत नाही, आपण त्यात सापडतो. तो बाहेरून येत नाही, आतूनही नाही, जगात असण्यातूनच उगवतो, हे हायडेगरचं म्हणणं आपल्या व्याकरणाला परकं नाही.

सगळा भर आंग्स्टवरच का?

तेवढाच नाही. 1929-30 च्या व्याख्यानांत हायडेगरने कंटाळ्यावर कितीतरी तास घालवले. आडगावच्या स्टेशनावर चार तास गाडीची वाट पाहणं हा त्यातला साधा कंटाळा. सर्वांत खोल कंटाळ्याला कारणच नसतं. रविवारी दुपारी मोठ्या शहरात चालताना नुसतं ‘करमत नाही’. आनंदाचा मात्र तो ओझरता उल्लेख करतो. जर्मन तत्त्वज्ञ ओटो फ्रीडरिश बोलनोव यांनी 1941 मध्ये यावरच बोट ठेवलं: प्रसन्न मूडही जग उघडतात. हा आक्षेप मला पटतो. प्रिय माणूस दारात दिसल्यावर सगळं घर बदलतं, तेही तितकंच खरं दर्शन आहे.