‘बाहेर काय चाललंय आणि मी कुर्ते बघतेय!’

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१पासून, हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं की ते अर्ध्यावर असतानाच मला पुढचं कळायचं. टीव्हीवर ऑक्सिजनच्या आणि बेडच्या बातम्या, सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी प्लाझ्मा मागतंय, आणि दहा मिनिटांनी त्याच मोबाइलवर सुती कुर्ते, कानातली, बेडशीट. १४ एप्रिल २०२१पासून राज्यात कपड्यांची घरपोच विक्री बंद होती, तरी बघणं थांबलं नव्हतं. कार्ट भरून ठेवलेली असायची. मग रात्री एकला मोबाइल उपडा ठेवताना स्वतःचाच राग यायचा. “मॅडम, मी इतकी उथळ कधी झाले?”

या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या समुपदेशनाच्या कामात, आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू झालेल्या एका केसने दिलं. ओळखीच्या खुणा आणि नाव बदलून ती इथे सांगते.

सुषमाताई, वय ४८. पुण्यात कर्वेनगरला फ्लॅट, घरात नवरा, बारावीतला मुलगा आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. खासगी कंपनीत हिशेबाचं काम. मार्च २०२०च्या अखेरीस टाळेबंदीमुळे ते ऑफिस डायनिंग टेबलावर आलं. मेच्या उत्तरार्धात कपड्यांची पार्सलं पुन्हा येऊ लागली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, तोही सोसायटीच्या गच्चीवरून. घरात दार लावून बोलायला खोलीच नव्हती. ही गोष्ट मी वहीत टिपली, पण तिचं महत्त्व मला तीन आठवड्यांनी कळलं.

“घरात नऊ पार्सलं पडलीत. चार तर उघडलीही नाहीत.”

“का नाही उघडली?”

“घालून जायचं कुठे? दिवसभर गाऊनच असतो अंगात. मीटिंग असली की त्यावर ओढणी घेते.”

“मग मागवताना कुठे जायचं डोळ्यांसमोर होतं?”

यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. पक्षी ऐकू येत होते, म्हणून फोन चालू आहे हे कळत होतं.

पहिली सूचना मी तीच दिली जी सगळे देतात: अ‍ॅप काढून टाका. पाच दिवस टिकली. सहाव्या रात्री त्यांनी नवऱ्याच्या मोबाइलवरून दोन पलाझो मागवले. बंदी अशीच फसते, कारण ती रात्रीचा साडेअकरा ते एकचा वेळ रिकामा करते, पण त्यात भरायला काही देत नाही. माझा कल आधीपासून कृतीकडे आहे. मन ताळ्यावर येण्याची वाट न बघता हाताला छोटं, ठरलेलं काम द्यावं, मन मागून येतं, यावर माझा विश्वास आहे. पण कुठलं काम, हे त्या माणसाच्या दिवसातूनच शोधावं लागतं; माझ्या पोतडीत ते तयार नसतं.

म्हणून अ‍ॅप परत ठेवायला सांगितलं आणि दोन बदल केले. एक, साठवलेला कार्डाचा नंबर पुसून टाकायचा. एका बोटाने पैसे जातात तोवर हात थांबत नाही. उठून, दिवा लावून, पर्समधून कार्ड आणावं लागलं की निम्म्या वेळा माणूस परत झोपतो. दुसरं, रात्री कार्टमध्ये हवं ते टाका, पैसे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ११ नंतर. सोबत एक वही: किती वाजता बघायला बसलात, काय बघितलं, त्याआधीच्या तासात घरात काय झालं. रकाने तीनच. जास्त रकाने दिले की चौथ्या दिवशी वही बंद पडते.

पडून असलेल्या पार्सलांचं काम त्याच दिवशी घेतलं. आधी परत करण्याची शेवटची तारीख बघायची, मग पाकीट उघडायचं. बऱ्याच जणी आधी घालून बघतात, टॅग तोडतात आणि मग तारीख बघतात. चारांपैकी दोन परत गेली. त्या दोन पिशव्या गेटवर देऊन आल्यावर ताईंच्या आवाजात पहिल्यांदा जरा जोर आला.

दोन आठवड्यांची वही घेऊन आम्ही बोलायला बसलो. माझी अपेक्षा होती की बातम्या जास्त पाहिल्या त्या रात्री खरेदी जास्त झाली असेल. तसं नव्हतं. दोन्ही आठवड्यांत शुक्रवारची रात्र सगळ्यांत मोठी होती.

“शुक्रवारी रात्री पूर्वी काय करायचात?”

“काही नाही. यादी करायचो, माझी ताई आणि मी. ती चिंचवडला असते. दुसऱ्या दिवशी तुळशीबाग.”

“शेवटचं कधी गेलात?”

“७ मार्च.” तारीख विचारही न करता आली.

“काय आणलंत?”

“पिना. एक गाळणं. सासूबाईंना परकराची नाडी.”

“किती पैसे झाले?”

“१८० रुपये.”

“आणि वेळ?”

“चार तास तर सहज.” मग त्या बोलत सुटल्या, आणि मी मध्ये एक शब्दही टाकला नाही. तुळशीबागेच्या बाजारात मंडईच्या बाजूने शिरायचं, रामाच्या देवळात दोन मिनिटं टेकायचं. बांगडीवाल्याकडे भाव करायचा आणि न घेताच पुढे जायचं. मग थालीपीठ आणि ताक. त्या टेबलावर बोलणं: ताईचं जावयाबद्दलचं, सुषमाताईंचं नोकरीबद्दलचं, सासूबाईंच्या विसरण्याबद्दलचं. “तिथे रडलेय पण मी एकदा. गर्दीत कुणाला कळतही नाही.” आणि मग, अगदी हळू: “मॅडम, मार्चपासून मी ताईशी पोटभर बोलले नाहीये. रोज फोन होतो. पण टेबलाशी हे, खोलीत आई, सोफ्यावर पोरगा. ‘बरी आहेस ना? हो, बरी आहे.’ झालं.”

तेव्हा मला गच्चीवरचा तो पहिला फोन आठवला. कुर्ता हा विषयच नव्हता. आपल्या घरातल्या बाईला ‘जरा खरेदीला जाऊन येते’ असं म्हणता येतं. ‘जरा बोलून येते’ असं म्हणायची सोय नाही. बाजार हीच तिची बोलायची खोली, आणि ती मार्चमध्ये एका रात्रीत बंद झाली. मोबाइलवरच्या दुकानाने त्या चार तासांतली वस्तू तेवढी आणून दिली. चालणं, हात लावून बघणं आणि बहीण बाहेरच राहिली. म्हणून पार्सल उघडायची इच्छा होत नव्हती. इतक्या वर्षांच्या कामात हातात आलेली ही गोष्ट मी जपून ठेवली आहे. त्यानंतर खरेदीबद्दल अपराधी वाटणाऱ्या प्रत्येक स्त्रीला मी आधी हेच विचारते: पूर्वी कुणाबरोबर जायचात?

(किराण्याची साठेबाजी मात्र वेगळी. तिथे भीती असते. दहा किलो रवा आणून ठेवणाऱ्या घरात बोलायचं असतं ते उद्या मिळेल की नाही याबद्दल. पंधरा दिवसांचं सामान आणि ते संपायच्या चार दिवस आधी पुढची यादी, एवढ्याने ती बरीच शमते. उन्हाळ्यात जास्त रव्याला टोके होतात, मग टाकून देण्याचं दुःख वेगळं.)

पुढचं ठरवायला सोपं होतं, पाळायला कठीण. शनिवारी पाच ते सहा, गच्ची, ताईशी फोन. घरात सांगायचं ते खरं सांगायचं: “मी ताईशी बोलायला जाते आहे. सहाला येईन.” ‘वाळवण बघून येते’ असं सांगितलं की दहा मिनिटांनी हाक येणारच. पहिल्या शनिवारी सुषमाताईंनी वाळवणाचंच सांगितलं, आणि यजमान बादली घेऊन मदतीला वर आले. बिचाऱ्यांचा काय दोष? दुसऱ्या शनिवारी खरं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “एवढं काय बोलायचंय?” सुषमाताई म्हणाल्या, “आई, खूप आहे.” तिसऱ्या शनिवारी पाऊस होता, तेव्हा पार्किंगमधल्या गाडीत बसल्या. अशी दुसरी जागा आधीच ठरवून ठेवावी, नाहीतर पहिल्या अडचणीलाच नेम मोडतो.

जाताना गाऊन बदलायचा, ही माझी अट होती. तुळशीबागेत जाताना बदलायचात ना? तसंच. पार्सलातला एक कुर्ता, चपला, खांद्याला पिशवी. अंगावरचं बदललं की ‘मी आता घरकामावर नाही’ हे घरालाही दिसतं. यातून रोजच्या कपड्यांचंही मार्गी लागलं. सकाळी ९च्या आत गाऊन उतरवायचा. घरातल्यासाठी तीनच सुती जोड, एक अंगात, एक दोरीवर, एक कपाटात. नवा गडद सुती कुर्ता पहिल्या दोन-तीन वेळा गार पाण्यात वेगळा धुवायचा, सावलीत वाळवायचा. एकीने तो मुलाच्या पांढऱ्या शर्टांबरोबर मशीनमध्ये टाकला आणि घरात दिवसभर वाद झाला. ब्लाउज घट्ट झाले म्हणून नवे मागवण्याआधी शिवणीतली माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, बघा. बहुतेक ब्लाउजांना दोन्ही बाजूंना ती सोडलेली असते. एक टीप उसवली की काम भागतं.

२०२१चा अपराधीपणा आदल्या वर्षीपेक्षा जड होता, हे मला कळत होतं. तेव्हा एकजण मला म्हणाल्या, “शेजारी वारले त्या रात्री मी उशांचे अभ्रे बघत होते.” त्याच बाईंनी त्या घरी दहा दिवस डबा दिला होता. रात्रीच्या एका तासावरून स्वतःला नाव ठेवायचं आणि दहा डबे मोजायचेच नाहीत, हा हिशेब चुकीचा आहे, आणि मी तो त्यांना कागदावर मांडून दाखवला. भेदरलेल्या मनाला रंग बघावेसे वाटणं हा गुन्हा नाही.

पण काही खुणा दिसल्या तर बहिणीच्या फोनवर थांबू नका. बिलं लपवावी लागताहेत, कर्ज काढलं आहे, दोन आठवडे नीट झोप नाही, आंघोळ-जेवणही नकोसं झालं आहे, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असं मनात येत असेल, तर आजच, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन.

सुषमाताईंचा शनिवार अजून चालू आहे. दोघी बहिणींनी एप्रिल २०२१मध्ये लशीचा पहिला डोस घेतला. २०२०च्या पावसाळ्यात दुकानं उघडली तरी सासूबाईंच्या वयामुळे त्या गर्दीत गेल्या नाहीत. शुक्रवारी रात्रीची यादी मात्र पुन्हा सुरू झाली आहे, तुळशीबागेचीच. परवा त्यांनी ती मला वाचून दाखवली: पिना, देवाच्या वाती, पोळपाट, सासूबाईंसाठी मोठ्या बटणांचा गाऊन. एकूण अकरा वस्तू, आणि त्यात कुर्ता एकही नाही.