वाचकांचे प्रश्न : काकूंचा अर्ज आणि आजीचे थांबलेले अनुदान

प्रश्न : माझे काका यावल तालुक्यात केळीच्या कापणीवर मजुरी करीत. गेल्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन ते गेले. त्या वेळी त्यांचे वय ४४ होते. काकू ३९ वर्षांच्या असून त्यांना ‘लाडकी बहीण’चे दीड हजार मिळतात. गावातील एक गृहस्थ म्हणतात की, पैसे दिल्यास संजय गांधी निराधार योजनेचे आणखी दीड हजार ते सुरू करून देतील. हे शक्य आहे काय? घरात ७१ वर्षांची आजी आहे. तिचे श्रावणबाळ या वृद्धांसाठीच्या अनुदान योजनेचे पैसे पाच महिन्यांपासून आलेले नाहीत. दारिद्र्यरेषेच्या यादीत आमच्या घराचे नाव आहे. (एक वाचक, जळगाव जिल्हा)

उत्तर : आपल्या काकूंना त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ देऊ नका. अन्य शासकीय योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा त्याहून अधिक मिळत असतील, तर ‘लाडकी बहीण’चा लाभ घेता येत नाही, असा त्या योजनेचाच नियम आहे. निराधार योजनेची रक्कमही २०२३ पासून १,५०० रुपयेच असल्याने दोन्ही मिळून तीन हजार होतील, हे आश्वासन खोटे आहे. रक्कम सारखीच असताना सुरू असलेले अनुदान सोडून नव्या अर्जामागे धावण्याची घाई मला तरी दिसत नाही.

काकूंचा खरा हक्क दुसरीकडे आहे आणि त्याविषयी त्यांना कोणीच सांगितलेले दिसत नाही, याचे मला वाईट वाटते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावती व्यक्ती १८ ते ५९ या वयात मरण पावल्यास राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून त्या कुटुंबाला एकदाच २०,००० रुपये मिळतात. मृत्यू अपघाती असला पाहिजे, अशी अट त्यात नाही. छातीत कळ येऊन गेलेला मजूरही त्यात बसतो. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी योजनेच्या शाखेत करावा आणि आणखी विलंब करू नये. मृत्यूचा दाखला, काकांच्या वयाचा पुरावा आणि दारिद्र्यरेषेच्या यादीचा साक्षांकित उतारा हे मुख्य कागद होत. पिवळे रेशनकार्ड दाखवले म्हणजे यादीतील नाव सिद्ध झाले, असे गृहीत धरू नका. उतारा ग्रामपंचायतीतून वेगळा घ्यावा. आपल्याकडील मजूरवर्गाच्या आधारकार्डावर जन्मतारीख पुष्कळदा अंदाजाने घातलेली असते. म्हणून मृत्यूच्या दाखल्यावरील वय आणि आधारवरील वय जुळते का, हे अर्ज देण्यापूर्वीच पाहावे. कापूस वेचणीच्या दिवसांत तहसीलची एक फेरी म्हणजे एक दिवसाची बुडालेली मजुरी आणि वर एसटीचे भाडे. कागदातील तफावतीपायी अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की, माणसे अर्जच सोडून देतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता आजींविषयी. आधी तहसीलच्या त्याच शाखेत जाऊन त्यांचे नाव लाभार्थी यादीत चालू आहे की नाही, ते विचारा. दरवर्षीचा हयातीचा दाखला राहून गेला असेल, तर अनुदान थांबते. तो दिल्यावर प्रश्न सुटू शकतो. दाखला दिलेला असूनही पैसे दिसत नसतील, तर ते दुसऱ्या खात्यात गेले असण्याची शक्यता तपासावी. हे अनुदान आता आधारच्या आधारे थेट जमा होते, आणि एका आधार क्रमांकाला अशा थेट रकमांसाठी एका वेळी एकच खाते जोडलेले असते. मध्यंतरी एखाद्या शिबिरात आजींचे नवे खाते उघडले गेले असेल आणि जोडणी तिकडे वळली असेल, तर जुन्या पासबुकात नोंद होणारच नाही. बँकेत “आधार जोडले आहे का?” एवढेच विचारू नये, कारण केवायसीसाठी दिलेले आधार आणि थेट लाभासाठीची जोडणी या वेगळ्या गोष्टी आहेत, “थेट लाभासाठी सध्या कोणते खाते जोडलेले आहे?” असे विचारावे.

काकू ६५ वर्षांच्या झाल्या की ‘लाडकी बहीण’ची वयोमर्यादा संपेल आणि श्रावणबाळची पात्रता सुरू होईल. मात्र श्रावणबाळसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीतील नाव किंवा वार्षिक २१,००० रुपयांच्या आतील कौटुंबिक उत्पन्न लागते. ही मर्यादा महिन्याला अवघी १,७५० रुपये पडते. मजुरी करून जगणारे कोणते घर तेवढ्यात चालते? ती वाढलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तोवर यादीचा उतारा हाच आपल्या घराचा आधार असल्याने त्याच्या दोन प्रती जपून ठेवा, आणि काकूंचा अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका.