फॉरेक्स कार्डाच्या भरवशावर लंडनच्या ट्यूबमध्ये शिरू नका

आई-बाबांना घेऊन लंडनला निघालाय, गुरुवारी पोचून आठवडाभर राहणार, आणि फिरण्यासाठी बँकेने दोन फॉरेक्स कार्डं, म्हणजे आधी परकीय चलन भरून ठेवायची कार्डं, दिली आहेत. 'काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, तिकडे सगळीकडे टॅप होतं, वेगळं काही घेऊ नका,' हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवेना. थोड्याफार फरकाने हेच मला अंधेरीतल्या एका शाखेत ऐकवलं होतं. बँकेचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

कोणती लाइन कुठे जाते, गाडी कुठे बदलायची हे सगळं सोडून देते. दादरला रोज वेस्टर्नवरून सेंट्रलला जाणाऱ्या माणसाला ते अर्ध्या दिवसात जमतं.

पहिली गोष्ट, तुम्ही तिघं आणि कार्डं दोन. ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, गेटमधून एका कार्डावर एकच माणूस आत जातो. आपण टॅप करून कार्ड मागच्याच्या हातात द्यायचं, असं तिथे चालत नाही. तिसऱ्याचं काय, हे त्या काउंटरवर कोणाच्या डोक्यातही आलं नसणार.

आता खरी गोम. गेट उघडतं तेव्हा भाडं कापलं जात नाही. दिवसभराचे प्रवास जमा होतात, त्यावर दिवसाची कमाल मर्यादा लावतात आणि मग सगळ्यांची मिळून एकच रक्कम तुमच्या बँकेकडे मागतात. २०१४ पासून ट्यूबमध्ये हे असंच चालू आहे, म्हणजे काही नवलाची गोष्ट नाही. पण माझ्या बँकेच्या यंत्रणेला ही मागाहून आलेली मागणी संशयास्पद वाटली. तिने पैसे नाकारले आणि वर कार्डही बंद केलं. भाडं थकलेलं कार्ड गेट घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेम्बली पार्कला सासूबाईंच्या जोडकार्डावर गेट उघडलं, त्या आत गेल्या. माझ्या कार्डाला लाल दिवा. मागे रांग, पुढे सासूबाई पर्स छातीशी धरून 'अगं, काय झालं?' विचारतायत. तिथल्या कर्मचाऱ्याने शांतपणे बाजूला घेतलं, मशीन दाखवलं, ऑयस्टर, म्हणजे पैसे भरून वापरायचं तिथलं प्रवासाचं कार्ड, काढायला लावलं. तो माणूस देव.

बँकेची हेल्पलाइन मात्र ऐकण्यासारखी होती. 'मॅडम, तुमच्या सुरक्षेसाठीच ब्लॉक केलंय.' बरं, मग उघडा. 'ओटीपी भारतातल्या नंबरवर येईल.' त्या सिमला लंडनमध्ये नेटवर्क धरत नव्हतं. 'मग शाखेत येऊन फॉर्म भरा.' मी वेम्बलीत उभी आहे हो! ईमेल केला तर उत्तरात फॉर्मची पीडीएफ, आणि खाली 'मूळ प्रत शाखेत जमा करावी'. कार्डातले पौंड तसेच अडकून राहिले. परत आल्यावर त्यांच्या दराने रुपये करून दिले, वर शुल्कही कापलं. मधल्या काळात सगळा खर्च क्रेडिट कार्डावर, त्याचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. शाखेतल्या बाईंना जाऊन विचारलं तर म्हणाल्या, 'कार्ड चालतंच मॅडम, तुमचंच कसं अडलं कळत नाही.'

सगळ्यांचंच अडतं असं म्हणत नाही. माझ्या भावाचं दुसऱ्या बँकेचं कार्ड बिनतक्रार चाललं. पण फॉरेक्स कार्ड इथे मुंबईत वापरून बघताही येत नाही, त्यामुळे चालतं की नाही ते कळणार थेट हीथ्रोच्या गेटवर, आई-बाबा आणि बॅगा बरोबर असताना. म्हणून माझं मत, आणि हे मतच आहे: पोचल्या पोचल्या स्टेशनवरच्या मशीनमधून तिघांसाठी तीन ऑयस्टर घ्या. कार्डाची किंमत वेगळी पडते, ती गेली असं समजा. आत भरलेले पैसे मात्र बाद होत नाहीत, पुढच्या वेळी जाणाऱ्या नातेवाइकाला कार्ड देऊन टाका. फॉरेक्स कार्ड दुकानात, हॉटेलात पिन टाकून वापरा.

आपलं नेहमीचं डेबिट-क्रेडिट कार्डच नेणार असाल तर ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही वेगवेगळे चालू करा. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डावर हे मुळात बंदच असतं. आणि एकदा कार्ड टॅप केलंत तर बाहेर पडतानाही तेच कार्ड. फोनमध्ये तेच कार्ड असलं तरी गेटच्या लेखी ते वेगळं, मग दोन अर्धवट प्रवास होऊन दोन्हींना जास्तीत जास्त भाडं लागतं. लोकलमधून उतरताना काही दाखवायची आपल्याला सवय नसते, त्यामुळे डीएलआरच्या (लंडनच्या डॉकलँड्स भागातली हलकी रेल्वे) बिनगेटच्या स्टेशनांवर खास लक्ष ठेवा. तिथे खांबावर रीडर असतो. बसला फक्त चढताना टॅप, रोख अजिबात घेत नाहीत.

बाबांचे गुडघे दुखतात म्हणालात, तर कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून जिना धरू नका, १९३ पायऱ्या आहेत. लेस्टर स्क्वेअरला उतरून चालत जा. खरं तर आई-बाबांबरोबर शक्य तिथे बसच बरी. एका भाड्यात तासाभरात हव्या तितक्या बस बदलता येतात, आणि २४ नंबरमधून ट्रफाल्गर स्क्वेअर, व्हाइटहॉल, पार्लमेंट बसल्या जागी दिसतं. साठीच्या वरच्यांना मोफत पास वगैरे जे ऐकलंत ते तिथल्या रहिवाशांसाठी, आपल्या आई-बाबांना नाही. विमानतळावरून शहरात यायला हीथ्रो एक्सप्रेस गाडीच्या नादी लागू नका. बॅगा असतील तर एलिझाबेथ लाइन, पैसे वाचवायचे असतील तर ट्यूबची पिकाडिली लाइन.

राहिला आठवड्याच्या पासचा प्रश्न. आपोआप लागणारी आठवड्याची मर्यादा सोमवार ते रविवार मोजतात, तुम्ही गुरुवारी पोचताय, म्हणजे तिचा फायदा अर्धाच. सात दिवसांचं ट्रॅव्हलकार्ड कोणत्याही वारापासून सुरू होतं आणि ऑयस्टरवर भरता येतं. पण आई-बाबा रोज बाहेर पडणार नसतील तर ते परवडत नाही, साधे पैसे भरून ठेवा. भाडी बदलत राहतात, निघायच्या आधी टीएफएलच्या, म्हणजे लंडनच्या वाहतूक संस्थेच्या, साइटवर एकदा बघून घ्या.